मराठवाड्यात घरच्या शेतीवर परतायचं तर: आधी सातबारा, मग विहीर, पीक सगळ्यात शेवटी

पुण्या-मुंबईतून मराठवाड्यातल्या घरच्या शेतीवर परतायचं ठरवणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘पीक कोणतं घ्यावं?’ असा असतो. तो यादीत फार खाली यायला हवा. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे आणि मे महिन्यात विहिरीला पाणी किती आहे, या दोन गोष्टींनी निम्मा निकाल आधीच लागलेला असतो. ड्रॅगन फ्रूट, चंदन, बांबू वगैरे त्यानंतर, आणि माझं विचाराल तर बरंच नंतर.

हा लेख लिहिताना डोळ्यासमोर एक साधं घर आहे: गावाकडं चार ते सहा एकर, आईवडील किंवा चुलते गावात, वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं, शहरात नवराबायको नोकरीला आणि पोरं शाळेत. जमीन नव्यानं विकत घेऊन शेती करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, वारसानं आलेल्याला ती अडचण नाही.

दोन खरिपांचा बेत

नोकरी सोडण्याची तारीख आधी ठरवू नका. गावाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. सालगडी (वर्षभरासाठी ठरवलेला गडी) तेव्हाच ठरतो, बटईचे आणि ठोक्याचे, म्हणजे ठरावीक रकमेवर जमीन कसायला देण्याचे, बोलही त्याच सुमारास होतात. म्हणून बेत पाडव्यापासून मोजावा. पहिल्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत नोकरी चालू, वावर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच. तुम्ही कागद, मोजणी आणि पाणी एवढंच बघायचं. दुसऱ्या वर्षी एक-दीड एकर स्वतःच्या हातात घ्यायचं, बाकीचं तसंच ठेवायचं. घर हलवण्याचा विचार त्याच्यापुढं.

पहिल्या वर्षात गावाला जायचं ते लग्नाकार्याच्या तारखा बघून नको. मे महिन्यात जा, पाणी कळेल. जूनमध्ये पेरणीला जा, तिफन आणि ट्रॅक्टर कुणाला आधी मिळतो आणि कुणाला शेवटी, ते कळेल. ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप पडते तेव्हा जा. कोणत्या वावरातलं सोयाबीन दुपारी माना टाकतं आणि कोणत्या वावरातलं तग धरतं, हे माती परीक्षणाच्या कागदापेक्षा जास्त सांगून जातं. काढणीला मजूर किती मिळतात ते ऑक्टोबरात दिसतं. लातूर-धाराशिवकडचे असाल तर येळवस (वेळ अमावास्या) चुकवू नका. त्या दिवशी अख्खा गाव वावरात असतो. आंबील आणि भज्जी खाता खाता बांधाला बांध असलेल्या सगळ्यांची भेट एकाच दिवशी होते.

कागद

हे काम शहरात बसून सुरू करता येतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून साधा आणि डिजिटल स्वाक्षरीचा असे दोन्ही सातबारे काढा. गावातला तुमच्या घराचा आठ-अ काढा, म्हणजे एका खात्यावर एकूण किती गट आहेत ते कळतं. ‘नदीकाठचा तुकडा पण आपलाच आहे’ असं आजोबा म्हणायचे, ते खरं की कसं तेही तिथंच कळतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ हेक्टर म्हणजे १०० आर, ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे साधारण ४०.५ आर. गावात सगळे एकर-गुंठ्यात बोलतात, कागद आरमध्ये बोलतो. दोन्ही मांडून ठेवा.

मग ‘इतर अधिकार’ हा रकाना सावकाश वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतला सामाईक हिस्सा, कुळाचं नाव, सगळं तिथं असतं. भूधारणा पद्धत ‘भोगवटादार वर्ग १’ आहे की ‘वर्ग २’ तेही बघा. वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते. मराठवाड्यात हा मुद्दा पुणे-नगरपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इनाम, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या) अशा जमिनी इथं जागोजागी आहेत. कुळांचा कायदाही वेगळा, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. देवस्थानाच्या खिदमतमाश जमिनीवर तीन पिढ्या कसत आलो म्हणून ती आपली, असं मानून बोअर मारू नका.

मालकीत काही शंका असेल तर मागचे फेरफार एकेक करून काढावे लागतात, आणि त्यांच्याही मागं जायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळते. त्याआधीचे कागद बऱ्याचदा उर्दूत असतात. ते वाचून देणारे जाणते लोक जिल्ह्याच्या ठिकाणी अजून आहेत, तालुक्याच्या वकिलाला विचारा. घरातल्या ट्रंकेत खाली पडलेला उर्दू कागद रद्दी समजून कुणी टाकला नाही ना, हे आधी आईला विचारा.

वारसनोंद राहिली असेल तर तिला पहिला नंबर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव, ही स्थिती घरोघर आहे. तलाठ्याकडं मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज द्यायचा. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सोयीतूनही अर्ज जातो. नोटिसा निघतात, १५ दिवस हरकतींसाठी जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल तर ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही, आणि तो नसेल तर ठिबकापासून पीक विम्यापर्यंत पुढचं सगळं अडतं.

एक किरकोळ वाटणारी पण पुढं छळणारी बाब: आधार, बँक पासबुक आणि सातबारा यांतली नावं एकसारखी आहेत का बघा. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव गाळलेलं, कुठं ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. सातबाऱ्यातली लेखनाची चूक महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होते.

भाऊ, बहीण, चुलते

शेतीवर परतण्याचे बेत इथं मोडतात, पावसानं नाही.

सामाईक सातबाऱ्यावर बोअर, शेततळं किंवा फळबाग करण्याआधी वाटणी कागदावर आणा. ‘वरचा तुकडा दादाचा, खालचा माझा’ ही तोंडी वाटणी जोवर कुणी पैसे घालत नाही तोवरच टिकते. मोसंबीला पाचव्या वर्षी फळ लागलं की चुलत्याच्या पोराला आजोबांचं बोलणं आठवतं. सगळ्यांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज करता येतो. वाटून येणारा तुकडा तुकडेबंदी कायद्यातल्या किमान क्षेत्राखाली जाणार नाही, एवढं आधी तपासा.

बहिणींबद्दल स्पष्ट लिहितो. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं आहे. वारसनोंदीत बहिणींची नावं न लावण्याचा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकू नका. बहिणीला हिस्सा नको असेल तर ती हक्कसोडपत्र देईल, आणि ते नोंदणीकृतच लागतं, साध्या बाँडवर चालत नाही. हवा असेल तर तिला रक्कम द्या, हप्ते ठरवा किंवा तिचा तुकडा तुम्ही ठोक्यानं कसा. राखीपौर्णिमेला साडी देऊन उपनिबंधक कार्यालयात सही घ्यायची रीत आता पुरे झाली.

मोजणी आणि पांदण

वाटणी झाली की सरकारी मोजणी. अर्ज ऑनलाइन होतो, माणसं भूमि अभिलेख कार्यालयाची येतात, आणि मोजणीनंतर ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, हातात पडते. मोजणी फेब्रुवारी ते मे या काळातच मागवा. उभ्या तुरीत किंवा कपाशीत बांध सापडत नाही. शेजाऱ्यांना नोटीस जातेच, पण नोटिशीआधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. ‘आबा, मोजणी बोलावलीय, तुमच्यावर संशय म्हणून नाही, मला कुंपण घालायचंय’ एवढं म्हणायला अर्धा तास जातो आणि पुढची पाच वर्षं वाचतात. बांध दोन तास (नांगराच्या दोन ओळी) कोरलेला निघालाच तर सगळं परत मागायचं की थोडं सोडायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी थोडं सोडणाऱ्यांपैकी आहे.

रस्ता मात्र सोडू नका. मराठवाड्याच्या काळ्या रानात जुलै-ऑगस्टमध्ये पांदणीनं (शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेनं) बैलगाडीही जात नाही, तिथं दुधाची गाडी किंवा भाजीचा टेम्पो विसराच. असलेली वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. वाटच नसेल तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे, त्यात बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्ही प्रकरणं वेळ खातात, त्यामुळं अर्ज पहिल्याच वर्षी टाका. रोज काढायचा किंवा नासका माल पिकवायचा विचार असेल तर रस्ता होईपर्यंत तो विचार बाजूला ठेवा.

पाणी

इथं घाई केली तर बाकीचं सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. आपल्याकडं पाऊस वर्षाला सरासरी ७००-८०० मिमी पडतो. नांदेड-हिंगोलीकडं जास्त, आष्टी-पाटोद्याकडं बराच कमी. आणि ‘सरासरी’ वर्ष क्वचितच येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये याच पट्ट्यात नद्यांनी काठची रानं खरवडून नेली. तुमचा बेत या दोन्ही टोकांत टिकायला हवा.

विहीर बघायची ती मे महिन्यात, दिवाळीत नाही. दिवाळीत सगळ्यांच्याच विहिरी तुडुंब असतात. सकाळी पाण्याची पातळी दोरीनं मोजा, मोटार सुरू करा, पाणी तुटेपर्यंत किती तास चालते ते लिहा, आणि बंद केल्यावर परत तेवढंच पाणी यायला किती वेळ लागतो तेही लिहा. सलग दोन दिवस हे करा. बोअर असेल तर २०० लिटरचं पिंप भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

समजा पिंप दोन मिनिटांत भरलं. म्हणजे तासाला ६,००० लिटर. शेतीच्या लाइनीला थ्री फेज वीज दिवसाला आठेक तास धरा, म्हणजे ४८,००० लिटर, तेही बोअर मधेच उसासे टाकत नसेल तर. आता हे पाणी कुठवर पुरतं ते बघा. हरभऱ्याला एक पाणी ५ सेंमी उंचीचं द्यायचं तर एकराला २ लाख लिटर लागतात, म्हणजे एका एकराला चार दिवसांच्या वर. रब्बीला दोन पाळ्या देत हा बोअर तीन-चार एकर हरभरा सहज सांभाळेल. पण भर उन्हाळ्यात दाट भाजीपाला ठिबकवर असला तरी एकराला दिवसाला २०-२५ हजार लिटर मागतो, तिथं हाच बोअर दोन एकरांवर थकेल. आणि ऊस? त्याला वर्षभरात २,००० मिमीच्या आसपास पाणी लागतं. कारखाना जवळ आहे, तोडणीची चिंता नाही, नोकरी करत करत सांभाळता येतो, हे सगळं खरं. जायकवाडी, माजलगाव, येलदरीच्या कालव्यावर पाण्याचं आवर्तन मिळणारी जमीन असेल तर त्याचं गणित वेगळं. बोअरच्या भरवशावर मराठवाड्यात ऊस लावू नका.

नवा बोअर मारण्याआधी चार गोष्टी. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या, खडकात पाणी फटींमध्ये असतं, त्यामुळं शेजाऱ्याला लागलं म्हणून आपल्याला लागेल असं नाही. नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला द्यायचे पैसे मुरूम-दगडांचा नीट सर्व्हे करणाऱ्याला द्या. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरची, म्हणजे साधारण २०० फुटांची मर्यादा आहे; प्रत्यक्षात लोक ५००-७०० फूट जातात आणि तिथं लागलेलं पाणी दोन-तीन उन्हाळ्यांत संपतं. त्याच पैशात विहिरीचा गाळ काढणं, ओढ्याचं पाणी विहिरीशेजारी जिरवणं किंवा शेततळं खोदणं जास्त टिकतं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं साधारण २२ लाख लिटर धरतं, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबानं एकरी अकरा पाण्यांइतकं. बाष्पीभवनाचं आणि अस्तर नसेल तर मुरणारं त्यातून वजा. मात्र भूजल उपसून प्लास्टिकच्या तळ्यात साठवण्याला शेततळं म्हणू नये, ते फक्त शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी आपल्या नावावर करणं आहे.

विहीर सामाईक असेल तर पाळी कशी आहे, कुणाचे किती दिवस, मोटारी कुणाच्या नावावर, हे विचारा. वीज जोडणी अजून आजोबांच्या नावावर असेल तर नाव बदलून घ्या. नवी जोडणी घेण्यापेक्षा आता सौरपंपाचाच मार्ग सोपा पडतो. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढं ७.५ एचपीचा पंप बसतो. दिवसा पाणी देता येतं हा त्याचा मोठा गुण. रात्री दोन वाजता हिवाळ्यात दारं धरायला जाणं एकदा करून बघा, मग कळेल.

ठिबक, तुषार, अवजारं यांचं अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळतं. नियम एकच लक्षात ठेवा: पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही. आधी बिल फाडलं की अनुदान गेलं.

माती

एप्रिल-मेमध्ये, रान मोकळं असताना नमुने घ्या. वावरातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे करा, माती एकत्र करून चार भागांतले समोरासमोरचे दोन काढत काढत अर्धा किलो उरवा. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी नमुना घेऊ नका. फळबाग लावायची असेल तर तीन फूट खड्डा घेऊन थराथराचे वेगळे नमुने द्या, कारण मोसंबीचा घात वरच्या मातीनं होत नाही, खालच्या चुनखडीनं होतो. नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या: बीडला खामगाव आणि अंबाजोगाई, जालन्याला खरपुडी, धाराशिवला तुळजापूर, हिंगोलीला तोंडापूर, नांदेडला पोखर्णी आणि सगरोळी. परभणीला तर कृषी विद्यापीठच आहे.

बटईदाराचं काय करायचं

दहा-पंधरा वर्षं तुमचं वावर जो कसतोय, त्याला जमिनीची नाडी तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुठं पाणी साचतं, कुठं हराळी माजते, कोणत्या कोपऱ्यात रानडुकरं शिरतात, सगळं. शहरातून आलेल्या माणसानं पहिल्याच पाडव्याला त्याला काढून टाकणं हा व्यवहार म्हणूनसुद्धा तोट्याचा. पहिल्या वर्षी निमबटई (निम्म्या वाट्याची बटई) चालू ठेवा, पण खर्चाची वही मागा आणि मळणीनंतर धान्याची रास होताना स्वतः हजर राहा. दुसऱ्या वर्षी दीड एकर मागून घ्या. पूर्ण वावर घ्यायचं असेल तर पेरणीच्या तोंडावर सांगू नका. रब्बी निघाली की, पाडव्याच्या महिनाभर आधी सांगा, म्हणजे तो दुसरीकडं सोय करेल. आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून होणारी पिकाची सरकारी नोंद, या काळात तुमच्या नावानं वेळेवर होतेय ना, ते दर हंगामात बघा. तिच्याशिवाय विमा, अतिवृष्टीची मदत आणि हमीभाव केंद्रावरची विक्री, तिन्ही अडतात.

गावात शिरल्यावर ‘कधी आलास, अन् परत कधी जाणार?’ हा प्रश्न वर्षभर ऐकावा लागतो. उत्तर द्यायची घाई नको.

पैसे

एक हिशेब मांडून बघू. आकडे धरलेले आहेत. तुमच्या गावच्या पावत्या घेऊन ते बदला.

सोयाबीन एकरी ७ क्विंटल, भाव क्विंटलला ४,३०० रुपये: ३०,१०० रुपये. नांगरट, मोगडा, पाळी अशी मशागत, बियाणं, खत, पेरणी, तणनाशक, दोन फवारण्या, काढणीचं गुत्तं (ठोक मजुरी) आणि मळणी मिळून २०,००० धरा. हातात १०,०००. पाच एकरांचे ५०,०००. त्यातल्या तीन एकरांवर रब्बीला हरभरा, एकरी ५ क्विंटल, ५,५०० नं २७,५००, खर्च १४,०००. तिन्ही एकरांचे मिळून ४०,५००. म्हणजे पाऊसपाणी नीट झालं तर वर्षाचे साधारण ९०,०००, महिन्याला साडेसात हजार. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, पण तो केंद्रावर मिळतो, आडतीवर मिळेल असं धरून चालू नका.

हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. पाच एकर जिरायतीवर शहरातलं घर चालत नाही, एवढंच त्यातून घ्या. म्हणून निघताना तीन गोष्टी हव्यात: दोन वर्षांचा घरखर्च वेगळा बाजूला, शेतीत घालायचं भांडवल त्याहून वेगळं, आणि शेतीबाहेरची एक मिळकत. बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी घरून चालत असेल तर उत्तम. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, त्यामुळं राजीनाम्याआधी स्वतःचा काढा. शहरातलं घर विकू नका, भाड्यानं द्या. पीएफ काढून ट्रॅक्टर घेणं हे तर नकोच. पाच एकरांना भाड्याचा ट्रॅक्टर पुरून उरतो.

पीएम किसानवर भिस्त ठेवण्याआधी लक्षात घ्या की आदल्या वर्षी आयकर भरलेल्याला ते मिळत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दुसरी मिळकत असेल तर कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं. पीक कर्ज मात्र घ्याच, गरज नसली तरी. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज जवळपास लागत नाही, आणि बँकेत शेतकरी म्हणून खातं तयार होतं. एक रुपयातला पीक विमा २०२५ पासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता आहे, आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते. तुमचं एकट्याचं वावर गेलं म्हणून पैसे येतील असं नाही.

जोडधंद्यात माझं मत शेळीच्या बाजूनं आहे. उस्मानाबादी शेळी याच मातीतली, जुळी करडं देणारी, अडल्यावेळी विकता येणारी. देवणी किंवा लाल कंधारी गाय दारात शोभते खरी, पण दुधाच्या धंद्याला माणूस बांधला जातो, लग्नालासुद्धा जाता येत नाही. रेशीम बीड-जालन्यात चांगलं रुजलंय, जालन्यात कोष बाजारही आहे. मात्र शेड, पाला आणि स्वच्छता तिन्ही रोज मागतं. पहिल्या दोन वर्षांत यातलं एकच.

घर

शेतातल्या आखाड्यावर (शेतघरात) राहायचं स्वप्न असतं. त्याआधी वीज बघा: शेतीच्या फीडरवर चोवीस तास लाइट नसते, गावठाणाच्या फीडरवर बरीच बरी असते. घरून काम करायचं असेल तर इन्व्हर्टर किंवा सोलर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट लागेल. मी म्हणेन, पहिली दोन वर्षं तालुक्याच्या गावी भाड्यानं राहा आणि मोटारसायकलनं ये-जा करा. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना, बायकोचं काम, तिन्ही तिथं सुटतात. हा निर्णय तिच्या संमतीनं व्हावा हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो: ‘तुझ्या गावात’ राहायला येणारी ती आहे, आणि सासरी पाणी-संडासाची सोय, स्वतःची गाडी आणि स्वतःचं उत्पन्न या तिच्या अटी असतील तर त्या रास्त आहेत.

जुनं दगडमातीचं माळवदाचं (सपाट मातीच्या छताचं) घर दुरुस्त करणार असाल तर आधी अभियंत्याला दाखवा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती बहुतांशी याच जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. कोणत्या भिंती ठेवायच्या, छत हलकं कसं करायचं, हे भावनेनं ठरवायचं काम नाही.

रात्री वावरात जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. घोणस आणि मण्यार आपल्याकडं कमी नाहीत. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं ते आधी विचारून ठेवा, १०८ ला फोन करताना शोधत बसू नका. मोबाइलमध्ये विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप टाका आणि कडकडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नका.

पहिलं खरीप

आता पीक. दीड एकरात गावात जे पिकतं तेच घ्या. सोयाबीन अधिक तूर, चार ओळी दोन ओळी, ही आपल्याकडची जुनी जाणती जोडी; एकाला पाऊस दगा देतो तेव्हा दुसरं हात देतं. सोयाबीनमध्ये परभणी विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १५८, ६१२ हे वाण, तुरीत बदनापूरचे बीडीएन ७११, ७१६ आणि गोदावरी. बियाणं घरचं असो की पिशवीतलं, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ७० च्या खाली उगवले तर एकरी ३० किलोवर भागणार नाही.

पहिल्या सरीवर तिफन धरू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वीतभर ओल गेली की मगच पेरा. सगळा गाव पेरतोय आणि आपण थांबलोय, ते आठ दिवस फार जड जातात. पेरणी रुंद वरंबा सरीवर केली तर जास्त पावसात पाणी सरीनं निघून जातं आणि उघडिपीत ओल टिकते; असे वरंबे-सऱ्या पाडून पेरणारं बीबीएफ यंत्र गावात कुणाकडं आहे ते मेमध्येच विचारून ठेवा, जूनमध्ये ते मिळत नाही. औषधं दुकानदार देईल तेवढी नव्हे, कृषी सहायकाला कीड दाखवून घ्या, आणि प्रत्येक खरेदीची पक्की पावती ठेवा. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला पावती, पिशवी आणि टॅग तिन्ही लागतात.

माल निघाल्यावर

काढणी करून गंज लावली की ताडपत्री त्याच दिवशी झाका. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस मराठवाड्यात गंजीवरच पडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मळणीनंतर माल वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. त्याच्यावर गेला की हमीभाव केंद्र परत पाठवतं आणि आडतीवर भाव कापतात. केंद्रावर विकायचं असेल तर नोंदणी आधी होते, त्यासाठी ई-पीक पाहणीची नोंद लागते. आडतीवर गेलात तर पट्टीतली (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीतली) हमाली, तोलाई आणि इतर कपात ओळ न ओळ वाचा, वजन काट्यावर स्वतः उभे राहा.

दसरा-दिवाळीला आवक वाढते आणि भाव पडलेला असतो. पैशाची नड असल्यावर लोक तिथंच विकतात. तेव्हा बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवता येतो: चालू किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. सगळ्या बाजार समित्या ती चालवत नाहीत, त्यामुळं तुमच्या तालुक्याची चालवते का, गोदामात जागा असते का, हे मळणीच्या आधीच विचारून या. जाताना सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स बरोबर ठेवा.